हॅलेच्या वर्षातली सहा इंची दुर्बीण: दुरुस्तीच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

दुर्बीण घरी आली. मुख्याध्यापिका बाईंचा बुधवारी फोन होता. प्रयोगशाळेचे पत्रे बदलायचे म्हणून कपाटांवरचं सगळं सामान खाली उतरवलंय, त्यात ही निघाली. "निर्लेखनाच्या यादीत घालू, की तुम्ही एकदा बघून घेता?" निर्लेखन झालं की भंगारवाला पत्रा किलोवर नेतो आणि काच फेकून देतो, त्यामुळे आजच टेम्पो केला.

जडवस्तू नोंदवहीत १९८६ सालची एक ओळ आहे: "दुर्बीण, ६ इंच, स्वनिर्मित, नग १." बनवणारे विज्ञानाचे सर आता हयात नाहीत. शाळेच्या जुन्या शिपाईकाकांना एवढंच आठवतं, की सर आणि नववीची पोरं मधल्या सुट्टीत एका पिंपाभोवती फिरत काचेवर काच घासायची. दुर्बिणीचा आरसा असाच हातानं घासून करतात. "आम्हाला वाटायचं सरांना काय झालंय." हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून त्या दोन वर्षांत महाराष्ट्रात गावोगाव अशा दुर्बिणी झाल्या. ही त्यातलीच एक.

सोबत आलेलं सामान: हिरव्या ऑइलपेंटची पत्र्याची नळी, दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं), पाइपांचं स्टँड, फुटक्या भिंगाचा फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण), उंदरांच्या लेंड्या. आरशाच्या पुढ्यात नळीत एक काळी पुठ्ठ्याची कडी चिकटवली होती, एका बाजूनं कुरतडलेली. बहुधा पॅकिंग. सगळ्याचे फोटो काढले, कडी आणि लेंड्या कचऱ्यात.

एक नियम आजच लिहून ठेवतो. नळीला नवीन भोक पाडायचं नाही. मी जे बदलेन ते उद्या कुणालाही काढून पूर्वीसारखं करता आलं पाहिजे.

१५ जून, रविवार

पूर्ण खोलली. बघत बसावं असं काम आहे.

नळी जीआय पत्र्याची, आतून २०३ मि.मी., लांबी सव्वाचार फूट. शिवणीला रिव्हेट मारलेत आणि दोन्ही तोंडांना तार घालून कडा वळवलीय, अगदी धान्याच्या कोठीसारखी. कोठ्या करणाऱ्यानंच केली असणार. आतला काळा रंग हाताला खरखरीत लागतो. वास घेतला, नखानं खरवडला आणि उमगलं: फळ्याचा रंग आहे! शाळेत फुकट मिळणारा आणि जराही न चमकणारा. मी बाजारातून आणला असता तो रंग याच्याहून वाईट निघाला असता. हा तसाच ठेवायचा.

दुय्यम आरसा (प्रकाश वळवून बाजूच्या आयपीसकडे नेणारा छोटा) धरणाऱ्या तीन पट्ट्या म्हणजे हॅक्सॉ ब्लेड आहेत. दात ग्राइंडरवर घासून काढलेत, पण एका पट्टीवर इंचभर राहून गेलेत. मधला आरसा चौकोनी कापलेला, आता काळा पडलाय.

मुख्य आरसा तीन खिळपट्ट्यांवर बसलाय. व्यास १५२ मि.मी., जाडी २५, वजन किलोच्या थोडं वर. कड हिरवट, म्हणजे साधी प्लेट ग्लास. पुढचा ॲल्युमिनियमचा थर कडेनं उडालाय आणि मध्ये मोत्यासारखा पांढुरका झालाय. मागच्या बाजूला हिऱ्याच्या पेन्सिलीनं कोरलंय: ४८ ¼ आणि खाली मार्च ८६. फोकस सव्वाअठ्ठेचाळीस इंच, म्हणजे १२२५ मि.मी. एफ ८, म्हणजे फोकस व्यासाच्या आठपट.

मार्च ८६ बघून जरा थांबलो. धूमकेतू सूर्याजवळून गेला ९ फेब्रुवारीला. पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणार होता ११ एप्रिलला, तोही दक्षिण क्षितिजाकडे बुटका. सरांकडे महिना उरला होता.

२२ जून, रविवार

स्टँड. दीड इंची जीआय पाइप, वर दोन टी, आट्यांवर फिरणारं. आटे गंजून धरलेत. रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून डिझेल ओतून आठवडाभर ठेवलं होतं. आज पाइपपान्यावर चार फुटी पाइप चढवून लटकलो तेव्हा एक टी सुटला, दुसरा सुटला नाही.

खरा प्रश्न आट्यांचा नाहीच. पाइप खाली पंधरा लिटरच्या तेलाच्या डब्यात उभा करून डबा काँक्रीटनं भरलाय. एकट्या डब्याचं वजन पस्तीस किलोच्या पुढे आहे. टेम्पोतून उतरवताना आम्ही तिघे होतो तरी फरशीची कड उडाली. शाळेत ही दुर्बीण मैदानात न्यायची तर दर वेळी तीन माणसं जमवावी लागत. सर होते तोवर जमली असतील. दुर्बीण पडून राहिली ती या डब्यापायी असं माझं स्पष्ट मत आहे; आरसा तर कुणी काढूनही बघितलेला नाही.

म्हणजे बैठक नवीन करायची. जुनी जपून ठेवायची.

२९ जून, रविवार

फोकसर, म्हणजे आयपीस पुढेमागे करणारी नळी. हा सरांनी शाळेच्या मोडक्या सूक्ष्मदर्शकातून काढलेला दिसतो. पितळी नळी, तिरक्या दात्यांचा रॅक, दोन्हीकडे गाठीदार मुठी, सगळं सूक्ष्मदर्शकाचं. खालचं खोगीर तेवढं नळीच्या गोलाईला बसेल असं कानशीनं घासून केलंय. कानशीचे ओरखडे एका दिशेनं नाहीत. घासायचं, बसवून बघायचं, पुन्हा घासायचं असं चाललं असणार.

ग्रीस चिक्कीसारखं घट्ट झालं होतं. रात्रभर डिझेलमध्ये ठेवलं, सकाळी जुन्या टूथब्रशनं दाता-दाता मोकळा केला. पिनियनच्या दोन दात्यांमध्ये एक बारीक तार अडकली होती, ती निघाल्यावर मूठ अशी फिरली की मीच चपापलो. पुन्हा ग्रीस लावताना मोह आवरला. थेंबभर पुरे, जास्त झालं की थंडीत आवळतं.

अडचण आयपीसची आहे. सूक्ष्मदर्शकाचा आयपीस २३.२ मि.मी. आणि दुर्बिणीचा आजचा सव्वा इंची, म्हणजे ३१.७५. जुने दोन्ही सूक्ष्मदर्शकाचेच, ५एक्स आणि १०एक्स. २५० ला आकड्यानं भागलं की फोकस निघतो: ५० मि.मी. आणि २५ मि.मी. म्हणजे दुर्बिणीवर अनुक्रमे २५ पट आणि ४९ पट. चंद्राला ठीक आहे, शनीला कमी. शिवाय दोन्हींमधून दिसतं ते नळकांड्यातून बघितल्यासारखं.

६ जुलै, रविवार

आषाढी. सकाळी खिचडी खाऊन आरशाचा जुना थर काढायला बसलो.

फेरिक क्लोराइड वापरलं. इलेक्ट्रॉनिक्सवाले छापील सर्किट कोरायला वापरतात ते, दुकानात बाटलीत मिळतं. हातमोजे आणि प्लॅस्टिकचं घमेलं घेतलं, मोरीच्या फरशीवर कागद अंथरला. आरसा तोंड वर करून ठेवला आणि कापसाच्या बोळ्यानं द्रावण नुसतं पसरलं, घासलं नाही. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, बाटली जुनी निघाली की काय असं वाटायला लागतं. मग कडेकडून थर विरघळायला लागतो. चहावरची साय फाटावी तशी चंदेरी भोकं पडतात, भोकं एकमेकांना मिळतात, आणि दहाव्या मिनिटाला घमेल्याचा तळ आरशातून आरपार दिसतो. चाळीस वर्षांपूर्वीचा थर, जाडी मिलिमीटरचा दहा हजारावा भाग.

इथपर्यंत छान. पुढे चूक केली. नळाच्या पाण्यानं धुऊन, उभा करून, फोन घ्यायला गेलो. आमचं पाणी बोअरचं. परत आलो तर काचेवर क्षारांचे गोल डाग वाळून बसलेले. ते काढायला व्हिनेगर, मग साबणाचं पाणी, मग डिस्टिल्ड वॉटर, आणि प्रत्येक वेळी नवा कापूस, दाब न देता फक्त ओढायचा. दोन तास गेले. डाग गेले. फरशीवर कागदाच्या बाहेर उडालेला एक पिवळा ठिपका मात्र गेला नाही. "एकादशीला बरं सुचतं हो तुम्हाला," एवढंच ऐकून घ्यावं लागलं.

१३ जुलै, रविवार

थर नाही तोवर आरशाचा आकार तपासून घ्यावा. नुसती काचही चारेक टक्के प्रकाश परतवते, चाचणीला तेवढा भरपूर झाला.

फुकोची चाचणी. आरसा सोप्याच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. मध्ये वक्रतेच्या त्रिज्येएवढं अंतर, म्हणजे फोकसच्या दुप्पट. टेपनं २४५० मि.मी. आलं, निम्मे केले तर १२२५. सरांचं ४८ ¼ बरोबर. एलईडीपुढे फॉइलला टाचणीचं भोक, शेजारी दाढीचं अर्धं ब्लेड, दोन्ही एका लाकडी ठोकळ्यावर. ठोकळा पुढेमागे सरकवायला एम ६ चा बोल्ट. त्याचा आटा एक मिलिमीटरचा, त्यामुळे पूर्ण फेरा म्हणजे एक मि.मी., मोजायला वेगळं यंत्र लागत नाही.

ब्लेड प्रकाशाच्या टोकाला भिडलं की सगळा आरसा राखाडी होतो आणि काचेचे उंचसखल भाग बाजूनं ऊन पडावं तसे उठून दिसतात. भाच्याला दाखवायला अंगठा मिनिटभर काचेवर टेकवला. काढल्यावर तिथे चक्क टेंगूळ! अंगठ्याच्या उबेनं काच फुगलेली, ती फूग ब्लेडनं दाखवली. दहा मिनिटांनी विरली. "मामा, काच खरंच सुजली?" सुजली. अगदी कणभर, पण सुजली.

निकाल: मधला भाग गुळगुळीत. पूर्ण पॅराबोला (ताऱ्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत आणणारा आकार) नाही. मध्य ते कडा ब्लेडच्या जागेत एक मि.मी.हून थोडा जास्त फरक यायला हवा होता, आला अर्धा. पण सहा इंची एफ ८ ची खुबी अशी की यात अगदी गोलाकार आरसासुद्धा पाव तरंगलांबीच्या (प्रकाशाच्या एका लाटेच्या लांबीच्या पाव भागाच्या), म्हणजे चालवून घेता येणाऱ्या चुकीच्या मर्यादेला जवळपास टेकतो. घरगुती दुर्बिणींसाठी हेच माप इतकं वापरात का आलं त्याचं हे एक कारण. हा आरसा गोल आणि पॅराबोला यांच्या मधोमध, म्हणजे मर्यादेच्या चांगला आत.

आरशाच्या कडेची उजळ रेघ डावीकडे दिसते, उजवीकडे पुसट आहे. माझं ब्लेड तिरकं असेल.

२६ जुलै, शनिवार

आरसा कोटिंगला दिला. निर्वात पेटीत टंगस्टनच्या तारेवर ॲल्युमिनियम उकळवून चढवतात, वर संरक्षक थर. दमट हवेला तो घ्यावाच. जाताना आरसा मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टरनं विचारलं, देव आहे का?

१७ ऑगस्ट, रविवार

लेथवाल्याकडे. जुन्या फोकसरची पितळी नळी बाहेरून २८ मि.मी. तिच्यावर टोपीसारखा बसणारा आणि वरून सव्वा इंची आयपीस घेणारा ॲल्युमिनियमचा ॲडॅप्टर हवा होता. चित्र काढून नेलं होतं.

"वरचा बोअर किती, बत्तीस?"

"एकतीस पॉइंट नऊ."

"सर, बत्तीसला काय धाड भरलीय?"

आयपीस डुगडुगला की तारा डुगडुगतो, हे सांगून पटेना. शेवटी आयपीसच त्याच्या हातात दिला. त्यानं व्हर्नियर लावला, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि दुसरं बोलला नाही. एकतीस पॉइंट नव्वद करून दिला, वर आतून बारीक आटेही पाडले. "उजेड मारत नाय मग आत." हे मी सांगितलं नव्हतं. त्याचे वडील हॅलेच्या वेळी याच लेथवर होते. फोकसरची मूळ कामं त्यांनीच केली असतील का, ते त्याला माहीत नाही.

टोपी ओढून काढली की जुना १०एक्स पुन्हा बसतो. नियम पाळला.

७ सप्टेंबर, रविवार

आरसा आला. घासून नवी केलेल्या चांदीच्या ताटासारखा, फक्त ताटात तोंड इतकं मोठं दिसत नाही. कपाटात ठेवला.

आज रात्री खग्रास चंद्रग्रहण. अकरा ते बारा बावीसपर्यंत खग्रास. ढग. साध्या बायनॉक्युलरमधून सव्वाअकराला एका फटीत विटकरी चंद्र मिनिटभर दिसला. काल विसर्जनात भिजलो होतो, आज गच्चीवर.

२८ सप्टेंबर, रविवार

बैठक झाली. डॉब्सन पद्धतीची.

जॉन डॉब्सन हा माणूस सॅन फ्रान्सिस्को आणि नंतर सॅक्रामेंटोच्या वेदान्त मठात १९४४ ते १९६७ संन्यासी म्हणून राहिला. तिथे लपूनछपून दुर्बिणी करायचा, शेवटी याच नादापायी मठ सुटला. मग रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवणं हाच त्याचा धर्म झाला. त्याची बैठक म्हणजे एक लाकडी खोकं. ना आटे, ना गिअर, ना वजनं. टेफ्लॉनच्या तुकड्यांवर फॉर्मायका सरकतो एवढंच यंत्र.

माझ्या खोक्याला १८ मि.मी. प्लायवुड. खाली दोन गोल पाट, मध्ये एक बोल्ट. वरच्या पाटाच्या पोटाला खरखरीत सनमायका, खालच्यावर टेफ्लॉनचे तीन चौकोन, गॅस्केटवाल्याकडून कापून आणलेले. गुळगुळीत सनमायका घेऊ नका. मी आधी तोच आणला होता. त्यावर टेफ्लॉन चिकटून राहतं आणि जोर लावला की एकदम उडी मारतं. खरखरीतवर लोण्यासारखं जातं.

वरखाली फिरायला नळीच्या दोन बाजूंना गोल कान हवेत. ११० मि.मी. पीव्हीसीचे एंड कॅप. पण नळीला भोक पाडायचं नाही, म्हणून नळीभोवती प्लायचा चौकोनी पिंजरा केला, आतून सायकलच्या ट्यूबचं अस्तर, दोन बोल्टांनी आवळायचा. कॅप पिंजऱ्याला. तोल साधायला पिंजरा नळीवर सरकवता येतो, हा फायदा आपोआप मिळाला.

वजन: खोकं ११ किलो, नळी आरशासकट साडेआठ. आठवीतली दोन पोरं आरामात नेतील.

१२ ऑक्टोबर, रविवार

जुळणी. ॲडॅप्टरमुळे आयपीस २८ मि.मी. वर गेला. फोकसर आत जायला १० मि.मी. शिल्लक होते, कमी पडले १८. आयपीस खाली येत नसेल तर फोकस वर न्यायचा, म्हणजे मुख्य आरसा तेवढाच पुढे सरकवायचा. खोक्याच्या उरलेल्या प्लायची चकती कापली. तीही बरोबर १८ मि.मी.ची. आरशाच्या बैठकीखाली बसवली, जुन्याच भोकांतून लांब बोल्ट घालून.

यामुळे दुय्यम आरशावर पडणारा प्रकाशाचा शंकू दोनेक मि.मी.नं रुंद होतो. नवीन लंबगोल आरसा ३५ मि.मी.चा घेतलाय, तिथे शंकू २४ च्या आसपास. भरपूर जागा आहे. हॅक्सॉच्या पट्ट्या जुन्याच, दातांसकट.

कॉलिमेशनसाठी, म्हणजे आरसे एका रेषेत आणण्यासाठी, आरशाच्या मध्यावर फाइलच्या कागदाला लावतात ती गोल रिंग चिकटवली. मध्य तसाही दुय्यम आरशाच्या सावलीत असतो, तिथे काही चिकटलं म्हणून बिघडत नाही. कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डबीला बरोबर मध्ये भोक पाडून डोळा लावायला टोपण केलं. अर्ध्या तासात सगळी वर्तुळं एकात एक आली.

फाइंडर: फुटकं भिंग काढून जुन्या नळीतच त्याच मापाचं नवं घातलं. यावर आणखी लिहिण्यासारखं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीनंतरही पाऊस रेंगाळला, आज कुठे आकाश मोकळं. गच्चीवर पहिला प्रकाश, म्हणजे दुर्बिणीतून पहिल्यांदा आकाश बघणं.

शनी डोक्याच्या थोडा दक्षिणेला. २५ मि.मी.नं लावला, मग १० मि.मी., १२२ पट. यंदा मार्चमध्ये शनीची कडी आपल्याला धारेवर आली होती, या महिन्यातही तिचा कल अंशभरही नाही. गोळा आणि त्यातून आरपार गेलेली रेघ. त्याचा उपग्रह टायटन बाजूला स्पष्ट.

तरी समाधान झालं नाही. ग्रहाभोवती दुधाळ धूर. आधी वाटलं हवा, मग वाटलं आयपीसवर वाफ धरली. पुसून बघितला. ताऱ्यांभोवतीही तेच: मध्ये टोकदार ठिपका, भोवती पिंजलेला कापूस. नवीन कोटिंग, नवीन दुय्यम आरसा, कॉलिमेशन बरोबर. मग राहिलं काय? कोटिंगवाल्याला मनात दोन शिव्या घालून झोपलो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ताऱ्यावर चाचणी. ध्रुव हलत नाही म्हणून पुस्तकात ध्रुवावर करा म्हणतात. आपल्याकडे तो अठरा अंशांवर, गावच्या धुळीत बुडालेला. अकरा वाजता ब्रह्महृदय हा ठळक तारा वर आल्यावर त्याच्यावर केली.

फोकसच्या आत नेलं की ताऱ्याची चकती होते, तिच्यात वर्तुळं दिसतात. आतल्या बाजूला चकतीची कड केसाळ, फिसकटलेली. बाहेरच्या बाजूला तीच कड कोरल्यासारखी धारदार. तीनदा बघितलं, तीनदा तेच.

कोटिंगवाल्याची माफी. हा आरशाच्या कडेचा दोष आहे, काच कडेला खाली वळलीय. पॉलिश करताना डांबराची थापी मऊ पडली, हात घाईचा झाला किंवा काच बाहेर जास्त लटकली की असं होतं. कडेच्या चार-पाच मि.मी.मधला प्रकाश फोकसच्या पुढे जाऊन पडतो, तोच तो धूर. आणि १३ जुलैची माझी नोंद, "ब्लेड तिरकं असेल." ब्लेड सरळ होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

मार्ग दोन. आरसा पुन्हा पॉलिशला घेणं म्हणजे नवं कोटिंग धुऊन टाकायचं आणि सरांची काच आपल्या हातानं बदलायची. किंवा कड झाकायची. झाकणं स्वस्त, शिवाय काढता येतं.

कार्डशीटच्या तीन कड्या कापल्या, आरशापुढे बसतील अशा: १४६, १४३ आणि १४० मि.मी. उघडीप. रात्री एकेक लावून बघितली. १४६ ला थोडा केसाळपणा राहतो. १४३ ला दोन्हीकडची चकती सारखी. १४० ला आणखी काही सुधारत नाही, उगाच प्रकाश जातो. १४३ नं साधारण साडेअकरा टक्के प्रकाश कमी होतो, डोळ्याला कळतही नाही. शनीभोवतीचा धूर गेला. रेघ आता सुईसारखी.

२३ नोव्हेंबर, रविवार

कायमची कडी कापायला बसलो. बाहेरचं माप हवं म्हणून नळीचा आतला व्यास शोधायला याच वहीची सुरुवात काढली. १५ जूनला २०३ लिहिलंय. त्याच्या वरच्या पानावर १४ जून.

"एक काळी पुठ्ठ्याची कडी चिकटवली होती... बहुधा पॅकिंग."

फोटो शोधला. मोबाइलमध्ये होता. कडी ओट्यावर, शेजारी लेंड्या. पॅकिंगची आतली कड कुणी कंपासनं कापत नाही. हिची कापलेली आहे, मोठा करून बघितलं तर काठावर पेन्सिलीचं दुसरं वर्तुळही दिसतं, आधी आखून सोडून दिलेलं. म्हणजे सरांनीही एक माप करून बघितलं आणि बदललं. कुरतडलेली बाजू सोडून पडद्यावरच मोजलं: बाहेरची कड १६२४ ठिपके, आतली ११४४. बाहेरची २०३ धरली तर आतली १४३. फोटो जरा तिरका आहे, एखाद-दुसरा मि.मी. इकडेतिकडे.

मार्च ८६. पुन्हा पॉलिश करायला वेळ नव्हता, धूमकेतू काही शाळेसाठी थांबणार नव्हता. सरांना दोष माहीत होता. त्यांनी तो झाकला आणि पुढे गेले. मी पाच महिने फिरून, दोन आयपीस आणि एक कोटिंग खर्चून, त्यांच्याच आकड्यावर आलो, तोही त्यांचं उत्तर पहिल्याच दिवशी केराच्या गाडीत घातल्यामुळे.

नवी कडी पुठ्ठ्याचीच केली. वही बांधणाऱ्याकडचा जाड पुठ्ठा, फळ्याचा रंग दोन हात. मागे पांढऱ्या पेन्सिलीनं लिहिलं: "काढू नये. आरशाची कड झाकण्यासाठी. १४३."

२९ नोव्हेंबर, शनिवार

दुर्बीण शाळेत पोचवली. संध्याकाळी मैदानात लावली, कालच अष्टमी, चंद्र अर्ध्याहून थोडा जास्त आणि शनी त्याच्या जवळच. खोकं दोन मुलींनी उचलून आणलं, नळी दोघांनी. साठेक मुलं, निम्मे पालक. चंद्राला जुना १०एक्स लावला, शनीला नवा. रांगेतला एक पोरगा डोळा न काढता म्हणाला, "सर, शनीला काडी टोचलीय." मागचे त्याला ढकलायला लागले.

शिपाईकाकांनी बघितलं, काही बोलले नाहीत, पुन्हा रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले.

नंतर ऑफिसात बाईंनी जडवस्तू नोंदवही काढली. दुर्बिणीच्या ओळीपुढचं "नादुरुस्त" खोडून सही झाली. खाली नव्यानं लिहिलं: लाकडी बैठक, नग १. आयपीस, नग २. आयपीस ॲडॅप्टर, नग १. जुनं पाइप स्टँड (काँक्रीट डब्यासह), नग १.

मी म्हटलं, बाई, अजून एक. पुठ्ठ्याची कडी, नग १.

"पुठ्ठ्याची? जडवस्तूत? आणि किमतीच्या रकान्यात काय लिहू?"

दहा रुपये लिहा म्हटलं. लिहिले.